साइट हलवताना गूगलमधली जागा कशी टिकवायची? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पाककृतींचे ब्लॉग, तालुक्याची साप्ताहिकं, सराफांची आणि साड्यांची दुकानं, एक-दोन शाळा. गेली काही वर्षं मी अशांच्या साइट्स एका जागेवरून उचलून दुसऱ्या जागी नेऊन ठेवण्याचं काम करते. फोनवर तेच ते प्रश्न येतात, म्हणून उत्तरं एकदा लिहून काढली. इंग्रजीत या विषयावर ढीगभर मजकूर आहे, पण देवनागरी पत्त्यांचं काय होतं किंवा गूगलच्या ब्लॉगर या ब्लॉग-सेवेनं ‘ब्लॉग-पोस्ट’ असं बारसं केलेल्या पानांचं काय करायचं, हे त्यात सहसा सापडत नाही. म्हणून त्या दोन गोष्टींवर इथं जरा जास्त लिहिलंय.

साइट हलवली की रँकिंग पडतंच का?

पडतंच असं नाही. थोडे दिवस वर-खाली होतं, ते चालायचंच. कायमचं पडतं ते बहुतेक वेळा एकाच कारणानं: पानांचे पत्ते बदलले आणि गूगलला ते कुणी सांगितलंच नाही.

आपल्याला वाटतं गूगल आपली साइट वर दाखवतं. प्रत्यक्षात ते एकेक पान दाखवतं. दहा वर्षांत कुणीकुणी तुमच्या मोदकांच्या पानाला लिंक दिली असेल, तर ती सगळी पुण्याई त्या एका पत्त्यावर जमा असते. पत्ता बदलला की नवं पान कोरं. इथं मी सातबाऱ्याचं उदाहरण देते. खरेदीखत झालं, पैसे दिले, कुंपणही घातलं. पण फेरफार नोंदवला नाही तर उताऱ्यावर नाव जुन्या मालकाचंच. नवी साइट बांधणं हे खरेदीखत आणि रीडायरेक्ट, म्हणजे जुन्या पत्त्यावर आलेल्याला आपोआप नव्या पत्त्यावर नेणं, हा फेरफार. बहुतेक लोक खरेदीखतावर सगळा पैसा खर्च करतात आणि फेरफाराला कुणाला वेळ नसतो.

‘मायग्रेशन’मध्ये नेमकं काय काय येतं?

होस्टिंग (साइट ज्या सर्व्हरवर ठेवलेली असते ती जागा) बदलणं, डोमेन (साइटचं नाव) बदलणं, एचटीटीपीवरून सुरक्षित अशा एचटीटीपीएसवर जाणं, ब्लॉगरवरून वर्डप्रेस या साइट चालवण्याच्या सॉफ्टवेअरवर जाणं, परमालिंकची (लेखाच्या कायमच्या पत्त्याची) रचना बदलणं, नवी थीम लावणं. या सगळ्याला एकच शब्द वापरतात, पण विचारायचं एवढंच: पत्ता बदलतोय का? नुसतं होस्टिंग बदललं तर पत्ता तोच राहतो, जोखीम कमी. डोमेन बदललं तर झाडून सगळे पत्ते बदलतात.

गिऱ्हाइकाला मात्र सगळं एकदम हवं असतं. रंग काढतोच आहोत तर फरशीही बदलू, किचनचा ओटाही नवा घालू. मी नाही म्हणते. डोमेन, डिझाइन, मजकूर आणि परमालिंक एकाच रात्री बदलले आणि पुढच्या आठवड्यात ट्रॅफिक पडलं, तर कशामुळे पडलं हे शोधायला मार्गच उरत नाही. आधी आहे तसं हलवा. दोन-तीन महिने बसू द्या. मग काय तो रंग काढा.

कामाला सुरुवात कुठून करायची?

यादीपासून. डिझाइन, लोगो, होस्टिंग या सगळ्याच्या आधी जुन्या साइटवरच्या प्रत्येक पत्त्याची यादी. हे काम कंटाळवाणं आहे आणि खरं काम हेच आहे.

एका ठिकाणाहून पूर्ण यादी कधीच मिळत नाही. सर्च कन्सोल या गूगलच्या साधनात तुमच्या साइटचा मागच्या १६ महिन्यांचा डेटा असतो, तो आधी उतरवून घ्या. मात्र तिथल्या पडद्यावरून एका वेळी १,००० ओळीच बाहेर काढता येतात, मोठ्या साइटला एपीआय (प्रोग्राम लिहून डेटा ओढण्याची सोय) लागते. मग स्क्रीमिंग फ्रॉगसारखा क्रॉलर, म्हणजे लिंकांवरून फिरत पानं गोळा करणारा प्रोग्राम, चालवा, त्याची फुकट आवृत्ती ५०० पत्त्यांपर्यंत चालते. त्यात साइटमॅपमधले (गूगलसाठी ठेवलेल्या पत्त्यांच्या फाइलमधले) पत्ते मिळवा. होस्टिंगवर सर्व्हरचे लॉग (कोण कुठल्या पत्त्यावर आलं याच्या नोंदी) मिळत असतील तर तेही. साइट आधीच बंद पडली असेल, तर इंटरनेट अर्काइव्हच्या वेबॅक मशीनमध्ये जुने पत्ते बऱ्याचदा सापडतात. सगळं एका शीटमध्ये ओतायचं, दुबार ओळी काढायच्या. डाव्या रकान्यात जुना पत्ता, उजव्या रकान्यात नवा.

एवढ्या ठिकाणी का हिंडायचं ते सांगते. एका साप्ताहिकाच्या साइटवर क्रॉलर चालवला, भरपूर पानं सापडली, मी खूश. नंतर सर्च कन्सोल उघडलं, तर सगळ्यात जास्त क्लिक मिळणारं पान त्या यादीत नव्हतंच. ते होतं एसटीच्या वेळापत्रकाचं पान. संपादकांनी ते मेनूतून केव्हाच काढून टाकलं होतं, कुठूनही त्याला आतली लिंक नव्हती, म्हणून क्रॉलरला दिसलं नाही. गूगलवरून मात्र लोक रोज त्याच पानावर येत होते. संपादकांना विचारलं तर म्हणाले, “अहो, ते अजून आहे?”

शीट भरायला कोण बसणार? आमच्याकडे तीन हजार लेख आहेत.

सगळ्या लेखांचे पत्ते एकाच नियमानं बदलणार असतील तर एकच नियम लिहून काम होतं, तीन हजार ओळी लिहाव्या लागत नाहीत. जिथं नियम बसत नाही तिथं हातानं. अशा वेळी क्लिकनुसार उतरती मांडणी करा आणि वरून खाली या. वरची शंभर-दोनशे पानं एकेक करून स्वतः उघडून बघा. तळाशी वर्षभरात एकही माणूस न आलेली पानं असतात. त्यांच्यासाठी रात्र जागवू नका.

३०१ की ३०२?

हे रीडायरेक्टचे दोन कोड. कायमचं हलवताय तर ३०१. तात्पुरतं असेल तर ३०२. रीडायरेक्ट केल्यानं पानाचं वजन गळतं, ही जुनी भीती अजून ऐकू येते; गूगलच्या गॅरी इल्येस यांनी २०१६ मध्येच सांगून टाकलं की ३०१, ३०२ अशा रीडायरेक्टमुळे पेजरँक, म्हणजे लिंकांमधून मिळालेलं हे वजन, कमी होत नाही. तरीही ३०१ च वापरा, कारण कुठला पत्ता खरा मानायचा याचा स्पष्ट इशारा त्यातूनच मिळतो.

साखळी मात्र होऊ देऊ नका. जुना पत्ता एचटीटीपीएसवर, तिथून डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यूवर, तिथून नव्या डोमेनवर, तिथून शेवटी तिरकी रेघ लावलेल्या पत्त्यावर, असं चार उड्यांचं प्रकरण मी दर दुसऱ्या साइटवर बघते. गूगलबॉट, म्हणजे साइट्स वाचत फिरणारा गूगलचा प्रोग्राम, दहा उड्यांपर्यंत पाठलाग करतो. पण एसटीत बसून मोबाइलवर साइट उघडणाऱ्या माणसाला प्रत्येक उडी जाणवते. जुन्यावरून थेट शेवटच्या पत्त्यावर, एकाच उडीत.

सगळी जुनी पानं होमपेजवर वळवली तर चालेल का? डेव्हलपर म्हणतो सोपं पडेल.

त्याला सोपं पडेल. गूगल असल्या रीडायरेक्टला ‘सॉफ्ट ४०४’ समजतं, म्हणजे पान नाहीच असं धरून चालतं. पुरणपोळीची कृती शोधत आलेल्या बाईंना तुमच्या होमपेजवर ‘आमच्याविषयी’ वाचायचं नसतं. पुरणपोळीचं पान पुरणपोळीवरच गेलं पाहिजे. ज्या पानाला नव्या साइटवर खरंच जोड नाही, त्याला सरळ ४०४ (पान सापडत नाही) किंवा ४१० (पान काढून टाकलंय) हा कोड द्या. त्यात कमीपणा नाही.

आमचे पत्ते देवनागरीत आहेत. त्यानं काही फरक पडतो का?

रँकिंगला नाही. हलवताना मात्र खूप पडतो. मराठी साइट्सचे सगळ्यात जास्त घोटाळे मी इथंच निस्तरलेत.

देवनागरी पत्ता ब्राउझरमध्ये छान दिसतो, पण पाठवताना त्याचं रूपांतर टक्क्यांच्या खुणा आणि इंग्रजी अक्षरं-आकडे यांच्या लांबलचक माळेत होतं. यूटीएफ-८ या अक्षरं साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीचा एकेक वर्ण तीन बाइट खातो आणि एकेक बाइट लिहायला तीन चिन्हं लागतात. म्हणजे एका वर्णाला नऊ चिन्हं. काना, मात्रा, वेलांटी, हलन्त हे सगळे वेगळे वर्ण मोजले जातात. ‘उकडीचे-मोदक’ एवढ्याशा पत्त्याची ९१ चिन्हं होतात.

आता वर्डप्रेसची गंमत बघा. तिथं लेखाच्या स्लगला, म्हणजे पत्त्यातल्या लेखाच्या नावाला, डेटाबेसमध्ये २०० चिन्हांची जागा असते आणि स्लग साठवला जातो तो याच टक्केवाल्या रूपात. २०० भागिले ९, म्हणजे जेमतेम २२ वर्ण. तुम्ही लेखाला शीर्षक दिलंत ‘गणेशोत्सवासाठी उकडीचे मोदक करण्याची सोपी पद्धत’. वर्डप्रेस पहिल्या शब्दाच्या १४ वर्णांना १२६ चिन्हं मोजतं, ‘उकडीचे’ला ५४, मधल्या दोन आडव्या रेघांची दोन, झाली १८२. उरली १८. त्यात बसतात दोनच वर्ण, म आणि त्याचा ओकार. पत्ता तयार होतो ‘गणेशोत्सवासाठी-उकडीचे-मो’. मोदकाचा ‘मो’ आत, ‘दक’ बाहेर! याच शब्दांनी सुरू होणारा दुसरा लेख लिहिलात तर त्याचाही स्लग इथंच तुटणार आणि मागे ‘-२’ लागणार.

साइट वर्डप्रेसवर आहे तोवर हे कुणाच्या लक्षातही येत नाही. नव्या सिस्टिमवर नेताना डेव्हलपर शीर्षकावरून नवा, अख्खा स्लग बनवतो. दिसायला तोच लेख, तेच नाव. पण जुना पत्ता ‘मो’वर संपलेला आणि नवा ‘पद्धत’पर्यंत गेलेला. शेकडो पानं एका रात्रीत ४०४. म्हणून यादी कधीही शीर्षकावरून बनवू नका. पत्ता जसा आहे तसा, तुटका तर तुटका, उचला.

मग या निमित्तानं इंग्रजी स्लग करून घेऊ का?

नको. नव्या लेखांना हवं ते करा. व्हॉट्सअॅपवर देवनागरी लिंक पाठवली की कधी कधी ती टक्क्यांची माळ होऊन बसते, म्हणून छोटा रोमन स्लग बरा वाटतो, हे मलाही पटतं. पण जुन्यांना हात लावू नका.

पत्ता दिसायला सारखाच आहे, तरी शीटमध्ये जुळत नाही. असं का?

शब्दात ‘ऱ्य’ किंवा ‘ऱ्ह’ आहे का बघा. ‘भाकऱ्या’तला ऱ्य एका कीबोर्डवर ऱ, हलन्त, य असा टाइप होतो, तर दुसऱ्यावर र, हलन्त, मध्ये एक न दिसणारं जोडचिन्ह आणि मग य असा. खुद्द ऱ सुद्धा एकसंध असू शकतो किंवा र खाली नुक्ता देऊन बनवलेला असू शकतो. डोळ्यांना सगळ्या ‘भाकऱ्या’ सारख्या, संगणकाला तीन वेगवेगळ्या. ऑफिसात दोघी-तिघी लेख चढवत असतील तर एकाच साइटवर तिन्ही प्रकार हमखास सापडतात. मी सर्च कन्सोलमधून आलेला टक्केवाला पत्ताच दोन्ही बाजूंना ठेवते आणि त्यावरून जुळवते. टाइप करून नाही. आणि ही शीट एक्सेलमध्ये थेट उघडू नका, सीएसव्हीतल्या देवनागरीचा चिवडा होतो. गूगल शीट्समध्ये उघडा.

नियम बरोबर लिहिलाय, तरी देवनागरी पत्त्यांचं रीडायरेक्ट चालत नाही.

एचटीअॅक्सेस फाइलमध्ये (सर्व्हरवर रीडायरेक्टचे नियम लिहितात ती फाइल) डाव्या बाजूला टक्केवाला पत्ता चिकटवलाय का? अपाची सर्व्हर आलेला पत्ता आधी उलगडून देवनागरी करतो आणि मग नियमाशी ताडून बघतो. तुमच्या नियमात टक्क्यांची माळ, त्याच्या हातात ‘मोदक’. जुळणार कसं? डावीकडे देवनागरीच लिहा आणि फाइल यूटीएफ-८ मध्ये, बॉमशिवाय (सुरुवातीला लागणाऱ्या न दिसणाऱ्या खुणेशिवाय) साठवा. एनजिनएक्स या दुसऱ्या सर्व्हरलाही पत्ता उलगडूनच जुळवायची सवय आहे. फाइलला हात लावायची भीती वाटत असेल तर वर्डप्रेससाठी रीडायरेक्शन नावाचं फुकट प्लगइन आहे, थोड्या पानांसाठी ते पुरतं.

आमचा ब्लॉगस्पॉटवरचा, म्हणजे ब्लॉगरच्या फुकट पत्त्यावरचा, जुना ब्लॉग वर्डप्रेसवर, स्वतःच्या डोमेनवर न्यायचाय. रँकिंग राहील का?

राहील, पण दोन टप्प्यांत जा. ब्लॉगस्पॉटच्या सर्व्हरवर तुमचा ताबा नाही, त्यामुळे तिथून परक्या डोमेनवर ३०१ लावता येत नाही. ब्लॉगर एक सोय मात्र देतं: ब्लॉगला स्वतःचं डोमेन जोडलं की ब्लॉगस्पॉटचा जुना पत्ता आपोआप नव्या डोमेनवर वळतो, पानाला पान जुळवून. म्हणून आधी डोमेन घ्या, ते ब्लॉगरलाच जोडा आणि काही महिने तसंच चालू द्या. गूगलच्या यादीत ब्लॉगस्पॉटच्या जागी तुमचं डोमेन दिसायला लागलं की मग ते डोमेन वर्डप्रेसकडे वळवा. घाई केलीत, तर जुन्या पत्त्यावरून येणाऱ्याला मध्येच ‘तुम्ही दुसऱ्या साइटवर जात आहात’ असं अडवणारं पान दिसू शकतं.

वर्डप्रेसमध्ये परमालिंकची रचना ब्लॉगरसारखीच ठेवा: वर्ष, महिना, नाव आणि शेवटी डॉट एचटीएमएल. म्हणजे पत्ते बदलतच नाहीत. आता तुम्ही म्हणाल, “आमच्या पत्त्यात नाव कुठंय?” खरंय. ब्लॉगरला देवनागरी शीर्षकातून पत्ता बनवता येत नाही, म्हणून तो नुसतं ‘ब्लॉग-पोस्ट’ असं नाव देतो आणि पुढे आकडे लावत जातो. २००८-१० च्या सुमारास सुरू झालेल्या मराठी ब्लॉगांवर अशी ‘ब्लॉग-पोस्ट_१७’, ‘ब्लॉग-पोस्ट_२३’ पानं शेकड्यांनी आहेत. कुरूप आहेत, मान्य. तरी तशीच न्या. दिसायला बरं म्हणून बारा वर्षं नांदलेला पत्ता मोडायचा, हे मला कधीच पटलेलं नाही.

आणखी एक शेपूट असते. मोबाइलवरून उघडलेल्या ब्लॉगर पानाच्या पत्त्यामागे प्रश्नचिन्ह आणि ‘एम बरोबर १’ लागतं, आणि लोक व्हॉट्सअॅपवर तोच पत्ता पुढे पाठवतात. वर्डप्रेसमध्ये ‘एम’ हे महिन्याच्या संग्रहासाठी राखीव आहे, त्यामुळे तिथं हा पत्ता गोंधळ घालतो. ही शेपूट छाटणारा नियम पहिल्याच दिवशी लावा.

आणि जुना ब्लॉग डिलीट करू नका. तुमचे फोटो अजून गूगलच्या सर्व्हरवरून येत असतील. ते नव्या जागी उतरवून घेतल्याची खात्री होईपर्यंत तर अजिबात नाही.

आमची साइट जुन्या फॉन्टमधली आहे, युनिकोड नाही.

मग टिकवण्यासारखं फारसं काही नाही, आणि ही चांगली बातमी आहे. शिवाजी किंवा श्रीलिपीच्या जुन्या फॉन्टमधला मजकूर पडद्यावर मराठी दिसतो, आतून ती इंग्रजी अक्षरांची खिचडी असते. गूगलला तीच दिसते. ‘हळद बाजारभाव’ असं शोधणाऱ्याला तुमचं पान आजवर सापडलेलंच नाही. आलाच कुणी तर साइटचं नाव टाकून आला असेल. मजकूर युनिकोडमध्ये आणा, पत्ते शक्य तितके तेच ठेवा. रूपांतर केल्यावर जोडाक्षरं आणि रफार डोळ्यांखालून घाला, यंत्र तिथं हमखास घसरतं.

आम्ही फक्त होस्टिंग बदलतोय. काय बघायचं?

डीएनएसचा (डोमेन कुठल्या सर्व्हरवर उघडायचं या नोंदीचा) टीटीएल, म्हणजे ती नोंद किती वेळ जपून ठेवली जाते तो आकडा, दोन दिवस आधी खाली आणा, म्हणजे ८६,४०० सेकंद असेल तर ३०० करा. बदल लवकर पसरतो. जुनं होस्टिंग लगेच बंद करू नका, आठवडाभर दोन्ही चालू असू द्या. साइट काही तास बंद ठेवावीच लागली तर ५०३ (तात्पुरतं बंद) हा कोड द्या, गूगलबॉट परत येतो. मात्र ते दिवसेंदिवस चालू ठेवलंत तर पानं गळायला लागतात. नव्या होस्टिंगचं फायरवॉल गूगलबॉटला अडवत नाही ना, हेही बघा.

रँकिंगशी संबंध नाही, पण सांगून ठेवते: नेमसर्व्हर (डोमेनच्या नोंदी जिथं असतात तो सर्व्हर) बदलताना एमएक्स, म्हणजे ईमेल कुठं पोचवायचे ते सांगणाऱ्या, नोंदी उतरवून घ्यायला विसरू नका. नाहीतर साइट झकास चालते आणि ऑफिसचे ईमेल बंद.

स्टेजिंगवर (तालमीच्या प्रतीवर) साइट तयार आहे. लाइव्ह करण्याआधी सगळ्यात महत्त्वाचं काय?

माझीच चूक सांगते. एका साड्यांच्या दुकानाची साइट होती. स्टेजिंगवर काम चालू असताना ती गूगलला दिसू नये म्हणून वर्डप्रेसच्या सेटिंग्जमधल्या ‘रीडिंग’च्या पानावर मी ती टिक मारली होती, सर्च इंजिनांनी इथं येऊ नये असं सांगणारी. साइट गुरुवारी लाइव्ह केली, रीडायरेक्ट तपासले, सगळं हिरवंगार. आठव्या दिवशी मालकांचा फोन: “ताई, दुकानाचं नाव टाकलं तरी आपण येत नाही.” टिक तशीच राहिली होती. प्रत्येक पानावर नोइंडेक्स, म्हणजे ‘हे पान यादीत घेऊ नका’ असा शेरा. आणि मी ३०१ लावून गूगलला आवर्जून त्याच पानांवर आणत होते, म्हणजे बघ आणि काढून टाक. टिक काढली, होमपेज दोन-तीन दिवसांत परत आलं, बाकीची पानं यायला काही आठवडे गेले. पैसे मी त्या महिन्याचे घेतले नाहीत.

तेव्हापासून स्टेजिंगला पासवर्ड लावते. पासवर्ड विसरून राहिला तर साइट कुणालाच उघडत नाही आणि पाच मिनिटांत आरडाओरडा होतो. नोइंडेक्स विसरला तर शांतता असते. लाइव्ह झाल्यावर पानाचा सोर्स उघडून नोइंडेक्स शोधा, रोबॉट्स डॉट टीएक्सटी (क्रॉलरनं कुठं जाऊ नये ते सांगणारी फाइल) बघा, आणि कॅनॉनिकल टॅगमध्ये (पानाचा खरा पत्ता सांगणाऱ्या खुणेत) अजून स्टेजिंगचा पत्ता नाही ना तेही बघा.

सर्च कन्सोलमधलं ‘चेंज ऑफ अॅड्रेस’ कधी वापरायचं?

डोमेन बदलताना. फक्त तेव्हाच. एचटीटीपीवरून एचटीटीपीएस, डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू काढणं, पानं एका फोल्डरमधून दुसऱ्यात नेणं, यासाठी ते नाही. दोन्ही साइट्सची मालकी एकाच गूगल खात्यातून सिद्ध झालेली लागते आणि ३०१ आधीच लागलेले असावे लागतात. ते बटण दाबलं म्हणजे रीडायरेक्टची गरज संपली असं नाही. ते नुसतं पूरक आहे.

बरोबर नवा साइटमॅप द्या. एका फाइलमध्ये ५०,००० पत्ते मावतात, आपल्यापैकी फार थोड्यांना दुसरी फाइल लागेल. जुना साइटमॅपही मी महिनाभर ठेवते, जुने पत्ते गूगलनं लवकर तपासावेत म्हणून. बिंगसाठी इंडेक्सनाऊ (पान बदललं की सर्च इंजिनाला कळवणारी सोय) लावा, गूगल ते वापरत नाही.

किती दिवसांत सगळं पूर्वीसारखं होतं?

मध्यम आकाराच्या साइटची बहुतेक पानं काही आठवड्यांत हलतात, मोठ्या साइटला जास्त वेळ लागतो. मधल्या काळात जुना आणि नवा पत्ता आलटूनपालटून दिसतो. घाबरून दर दोन दिवसांनी काहीतरी बदलत बसू नका.

तुलना कशाशी करताय तेही महत्त्वाचं. मोदकांचं ट्रॅफिक विसर्जनानंतर पडतंच, त्यात तुमच्या नव्या होस्टिंगचा काय दोष? मागच्या महिन्याशी नाही, मागच्या वर्षीच्या त्याच आठवड्याशी ताडून बघा. चतुर्थी अधिक मासामुळे पुढे सरकली असेल तर तेवढं धरून. १६ महिन्यांचा डेटा आधी उतरवून ठेवा म्हटलं ते यासाठीच.

आणि मुहूर्तही बघा. पाककृतींची साइट श्रावण ते दिवाळी हलवू नका. निकाल आणि प्रवेशांची माहिती देणारी साइट मे-जूनमध्ये नको. होळी संपली की पाककृतीवाल्यांना चांगला काळ असतो.

दोन महिने झाले, ट्रॅफिक अजून निम्मंच आहे. कुठं बघू?

आधी ठरवा, सगळीकडे पडलंय की ठरावीक पानांवर. ठरावीक पानांवर असेल तर जुन्या यादीतली वरची पन्नास पानं घ्या आणि एकेक जुना पत्ता ब्राउझरमध्ये टाका. कुठं पोचताय? बहुतेक वेळा इथंच उलगडा होतो. सगळीकडे सारखं पडलं असेल तर नोइंडेक्स, रोबॉट्स, कॅनॉनिकल, मोबाइलवरचा वेग. त्याच सुमारास गूगलचं कोअर अपडेट, म्हणजे क्रमवारी ठरवण्याच्या पद्धतीतला मोठा बदल, आलं होतं का तेही बघा, त्यांच्या स्टेटस डॅशबोर्डवर तारखा असतात.

मजकूर कापलाय का? नव्या डिझाइनमध्ये ‘मोकळं दिसावं’ म्हणून डिझायनर अर्धा मजकूर काढतो, मोबाइलवर तर आणखी. गूगल साइट वाचतं ती मोबाइलवाल्या रूपातच. जो परिच्छेद मोबाइलवर नाही, तो त्याच्या लेखी नाहीच.

फोटोंचे पत्ते बदलले तर चालतील का?

रांगोळी, मेंदी, ब्लाउजचे गळे, दागिने असल्या साइट्सचं बरंच ट्रॅफिक फोटोंच्या शोधातून येतं. त्यांनी फोटोंनाही रीडायरेक्ट लावावेत. बाकीच्यांनी लेखांकडे बघावं.

तुम्ही रँकिंगची हमी देता का?

नाही.

जुनं डोमेन कधी सोडून द्यायचं?

रीडायरेक्ट निदान वर्षभर ठेवा असं गूगल सांगतं. मी म्हणते, परवडतंय तोवर डोमेन सोडूच नका. डॉट कॉम किंवा डॉट इनचं वर्षाचं भाडं दोघांच्या हॉटेलातल्या जेवणाएवढं असतं. सोडलंत की ते कुणीही उचलतं. बाहेरच्या साइट्सवरच्या तुमच्या जुन्या लिंका, छापील पत्रिकांवरचा पत्ता, दुकानाच्या पाटीवरचा क्यूआर कोड, सगळं त्याच्या दारात जातं. तिथं जुगाराच्या जाहिराती लागलेल्या मी पाहिल्यात. मोठ्यांकडूनही हे होतं: भारतातले ब्लॉग काही वर्षं ज्या पत्त्यावर उघडायचे ते ब्लॉगस्पॉट डॉट इन हे डोमेन २०२० मध्ये खुद्द गूगलच्या हातून गेलं आणि त्यावरच्या लिंका मेल्या.

डोमेनचं नूतनीकरण आपोआप होईल असं ठेवा. आणि ते खातं सोडून गेलेल्या डेव्हलपरच्या ईमेलवर नाही ना, हे आजच बघून घ्या.